घरच्या नेटवर्कवर पॅकेज मिरर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगली-मिरजेतल्या ओळखीच्या लोकांकडून, त्यातही इंजिनिअरिंगच्या पोरांकडून, हेच प्रश्न फिरून फिरून येतात. दर वेळी व्हॉट्सॲपवर तुकड्या-तुकड्यांत उत्तरं देण्यापेक्षा एकदाच लिहून ठेवतो. रोख डेबियन, उबुंटू आणि मिंट या लिनक्सच्या प्रकारांवर आहे, कारण इथे मला भेटणाऱ्या बहुतेकांच्या लॅपटॉपवर यातलंच काहीतरी असतं. आज्ञा आणि फाइलींची नावं फोनवर सांगतात तशी लिहिली आहेत. कीबोर्डवर ती अर्थातच इंग्रजीत टाकायची.

मिरर म्हणजे काय, आणि तो घरी कशाला हवा?

लिनक्समध्ये प्रोग्रॅम, त्यांच्या लायब्ररी, सुरक्षेचे अपडेट हे सगळं पॅकेजच्या रूपात एका मोठ्या भांडारातून येतं. या भांडाराच्या प्रती जगभर ठेवलेल्या असतात, त्यांना मिरर म्हणतात. आयआयटी कानपूरचा मिरर आपल्याकडे बरेच जण वर्षानुवर्षं वापरत आलेत. तसलीच एक प्रत, किंवा तिचा लागेल तेवढाच भाग, घरातल्या एका मशीनवर ठेवायचा आणि बाकीच्या मशीनना सांगायचं की आधी इथे विचारा, मग बाहेर जा. एवढंच.

घरात एकच लॅपटॉप असेल तर याची गरज नाही, उगाच खटाटोप करू नका. दोन असतील तर हौसेचा भाग. तीन-चारच्या पुढे गेलात, किंवा व्हर्च्युअल मशीन (एका संगणकात सॉफ्टवेअरने उभा केलेला दुसरा संगणक) पाडायच्या आणि परत उभ्या करायच्या हा रोजचा उद्योग असेल, तर मात्र फरक जाणवतो.

आमच्याकडे फायबर आहे, १०० एमबीपीएस मिळतात. मग वेळ किती वाचेल?

कदाचित अजिबात नाही. २ जीबीचा अपडेट १०० एमबीपीएसच्या लाइनवर तीन मिनिटांच्या आत येतो. घरातल्या मिररवरून गिगाबिट केबलने तो वीस सेकंदांच्या आसपास उतरेल. पण कनेक्शनबरोबर मिळालेल्या बऱ्याच स्वस्त राउटरचे पोर्ट १०० एमबीपीएसचेच असतात. मग मिररकडूनही सेकंदाला ११-१२ एमबीच मिळणार, म्हणजे तुमच्या फायबरइतकेच. त्यात लॅपटॉप मागच्या खोलीत २.४ गिगाहर्ट्झच्या वायफायवर असेल तर मिरर असून नसल्यासारखा.

मिरर लावायचा तो दुसऱ्या दोन गोष्टींसाठी. एक म्हणजे डेटाची मर्यादा. प्लॅन कितीही ‘अमर्याद’ म्हणून विकला तरी ठरावीक वापरानंतर वेग पाडणारे बरेच आहेत, आणि तेच अपडेट पाच मशीननी पाच वेळा ओढले तर ती मर्यादा लवकर गाठली जाते. दुसरी म्हणजे लाइन बंद असतानाचे दिवस. रस्ता खोदला की केबल तुटते, आणि आमच्या भागात रस्ता सदा खोदलेला. अशा वेळी एखाद्या मशीनवर कंपायलर किंवा डेटाबेस बसवायचा असेल आणि तो आधी कुणीतरी घरात एकदा उतरवलेला असेल, तर बाहेरच्या जगाशी तुमचं काही अडत नाही.

सगळं भांडारच उतरवून ठेवलं तर? डिस्क स्वस्त आहे.

हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो आणि माझं उत्तर प्रत्येकाला तेच असतं: नका करू.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये आलेल्या डेबियन १३ मध्ये ६९,८३० पॅकेजं आहेत. तुमच्या लॅपटॉपवर किती आहेत ते बसलेल्या पॅकेजांची नोंद ठेवणाऱ्या डीपीकेजी प्रोग्रॅमला विचारा. साधारण डेस्कटॉपवर आकडा दोन-तीन हजारांत सापडतो. उरलेल्या सदुसष्ट हजारांच्या आसपास पॅकेजांना तुम्ही जन्मात हात लावणार नाही. घरी भाजीत चिमूटभर हळद लागते म्हणून कुणी मार्केट यार्डातली पोती उचलून आणत नाही. शिवाय पूर्ण मिरर एकदा उतरवून संपत नाही. रोज बाहेर जे बदलतं ते सगळं तुमच्याकडेही यावं लागतं, म्हणजे जी डेटा मर्यादा वाचवायला निघालात तीच तुम्ही कधीही न वापरणाऱ्या पॅकेजांवर खर्च होते.

घरासाठी योग्य गोष्ट म्हणजे कॅश करणारा प्रॉक्सी. कुणीतरी पॅकेज मागितलं की तो बाहेरून आणतो, देतो आणि एक प्रत स्वतःकडे ठेवतो. दुसऱ्याने तेच मागितलं की घरातूनच देतो. डेबियन-उबुंटूत पॅकेजं उतरवून बसवणारा प्रोग्रॅम म्हणजे एपीटी, त्याच्यासाठी एपीटी-कॅशर-एनजी हे काम करतो आणि पुढची बरीच उत्तरं त्याच्याबद्दलच आहेत.

पूर्ण मिररला जागा आहे, पण ती वेगळी. जिथे इंटरनेट मुळातच नाही अशी शाळेची लॅब, किंवा बाहेरच्या जगाशी जोडायचंच नाही असं कारखान्यातलं नेटवर्क. तिथे भांडाराची प्रत उतरवणारा डेबमिरर घ्या, एकच आवृत्ती, एकच आर्किटेक्चर (प्रोसेसरचा प्रकार) आणि लागतील तेवढेच विभाग निवडा, सोर्स पॅकेजं वगळा, आणि टेराबाईटची डिस्क गृहीत धरा.

कुठलं मशीन वापरू?

पडून असलेला जुना लॅपटॉप. माझी पसंती कायम त्यालाच, कारण त्याची बॅटरी म्हणजे फुकटचा यूपीएस. लाइट गेली तर तासभर तरी तग धरतो आणि लिहिणं चालू असताना डिस्क मधेच बंद पडत नाही. झाकण लावल्यावर झोपू नये म्हणून लॉगइनडी डॉट कॉन्फ या फाइलीत हँडल-लिड-स्विच पुढे इग्नोर लिहा. बॅटरी फुगलेली असेल तर मात्र ती काढून टाका. चोवीस तास चार्जरवर ठेवायची ती वस्तू नव्हे.

रास्पबेरी पाय ४ किंवा ५ हा छोटा, एका बोर्डाचा संगणकसुद्धा चालतो, पण मेमरी कार्डावर कॅश ठेवू नका. सतत लिहिण्याने कार्डं मरतात. यूएसबीला छोटी एसएसडी लावा. विजेचा हिशोब सोपा आहे: १० वॅटचं मशीन दिवसरात्र चालवलं तर महिन्याला सात युनिटच्या आसपास, ६० वॅटचा जुना डेस्कटॉप चालवला तर त्रेचाळीस. डेस्कटॉप ‘फुकट’ पडून होता म्हणणाऱ्यांनी महावितरणचं बिल एकदा पाहावं.

राउटर आणि फायबरचा डबा इन्व्हर्टरवर नसेल तर त्यांच्यासाठी १२ व्होल्टचा छोटा डीसी यूपीएस मिळतो, तो घ्या. मिरर चालू आणि राउटर बंद याला अर्थ नाही.

आणि सांगलीकरांना वेगळं सांगायला नको, पण सांगतो: तळमजल्यावर, टेबलाखाली, जमिनीवर काही ठेवू नका. २००५, २०१९, २०२१, कृष्णेने तीनदा दाखवून दिलंय. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. गावभाग, खणभाग, मारुती चौक इकडे राहणाऱ्यांनी मिरर माळ्यावर किंवा वरच्या मजल्यावर ठेवावा आणि केबल खाली सोडावी. लॅपटॉप असण्याचा हाही फायदा, ऐन वेळी काखोटीला मारून निघता येतं.

बसवायचं कसं?

आधी त्या मशीनला कायमचा पत्ता द्या. राउटरच्या पानावर डीएचसीपी रिझर्व्हेशन असा पर्याय असतो. मशीनचा मॅक पत्ता निवडा आणि त्याला, समजा, १९२.१६८.१.१० बांधून टाका. हे न करता पुढे गेलेल्यांचा फोन हमखास येतो, लाइट जाऊन आली की मिरर ‘हरवतो’ म्हणून.

मग त्या मशीनवर एपीटी-कॅशर-एनजी हे पॅकेज नेहमीसारखं इन्स्टॉल करा. बसवताना तो एचटीटीपी टनेलला परवानगी द्यायची का असं विचारतो. नाही म्हणा. सेवा आपोआप सुरू होते आणि ३१४२ या पोर्टवर ऐकायला लागते. बदल करायची वेळ आली तर ईटीसीखाली त्याच्याच नावाच्या फोल्डरात एसीएनजी डॉट कॉन्फ आहे, पण पहिल्या दिवशी तिथे हात लावायची गरज पडत नाही.

आता प्रत्येक लॅपटॉपवर एकच ओळ. ईटीसी, मग एपीटी, मग एपीटी डॉट कॉन्फ डॉट डी या फोल्डरात ००प्रॉक्सी नावाची नवी फाइल करा. आत लिहायचं ते असं: ॲक्वायर, दोन कोलन, एचटीटीपी, दोन कोलन, प्रॉक्सी, एक मोकळी जागा, मग दुहेरी अवतरणात एचटीटीपीने सुरू होणारा मिररचा पत्ता आणि कोलन देऊन ३१४२, अवतरण बंद, शेवटी सेमीकोलन. ॲक्वायरचा ए मोठा, प्रॉक्सीचा पी मोठा. तो सेमीकोलन राहिला की एपीटी रुसतो आणि चुकीचा निरोप देतो, म्हणून दोनदा बघा.

सोर्सेसच्या यादीला, म्हणजे पॅकेजं कुठल्या भांडारांतून घ्यायची त्या यादीला, हात लावायचा नाही. आहे तीच राहू द्या.

माझ्याकडे आधीच उतरवलेली पॅकेजं आहेत, ती वाया जाणार का?

नाही. लॅपटॉपच्या व्हार, कॅश, एपीटी, आर्काइव्हज या फोल्डरातल्या डेब फाइली (म्हणजे पॅकेजंच) मिररच्या कॅशमधल्या _इम्पोर्ट फोल्डरात टाका. मग कुठल्याही मशीनवर एपीटी अपडेट चालवा आणि मिररच्या रिपोर्ट पानावरून इम्पोर्ट करा. हे पान ब्राउझरमध्ये मिररचा पत्ता, ३१४२, तिरपी रेघ आणि एसीएनजी-रिपोर्ट डॉट एचटीएमएल असं टाकलं की उघडतं.

खरंच चालतंय हे कसं ओळखू?

रिपोर्ट पानावर आकडे दिसतात, पण मला लॉग बघायला जास्त आवडतो. व्हार, लॉग, एपीटी-कॅशर-एनजी या फोल्डरात एपीटी-कॅशर डॉट लॉग आहे. टेल आज्ञेने तो उघडा ठेवा आणि शेजारच्या लॅपटॉपवर काहीतरी इन्स्टॉल करा. प्रत्येक ओळीत उभ्या रेघांनी पाडलेले रकाने दिसतील: वेळ, मग एकच अक्षर, मग बाइट, मग मागणाऱ्याचा पत्ता, मग फाइल. ते एक अक्षर महत्त्वाचं. आय म्हणजे बाहेरून आत आलं, ओ म्हणजे आतून लॅपटॉपला दिलं. पहिल्या लॅपटॉपच्या वेळी आय आणि ओ दोन्ही येतात. दुसऱ्या लॅपटॉपवर तेच पॅकेज मागा; नुसत्या ओच्या ओळी भराभर खाली सरकताना दिसल्या की समजायचं, काम झालं.

दुसऱ्यालाही आयच येत असतील तर दोन्ही मशीनच्या आवृत्त्या वेगळ्या आहेत का बघा. आर्किटेक्चर वेगळं असेल तरी हेच होतं: रास्पबेरी पायसाठीचं पॅकेज आणि इंटेलच्या लॅपटॉपसाठीचं पॅकेज या वेगवेगळ्या फाइली असतात. फक्त ‘ऑल’ शिक्क्याची पॅकेजं दोघांना सारखी.

घरात एकाकडे मिंट आहे आणि एकाकडे उबुंटू. दोन मिरर लागतील?

एकच पुरतो. मिंट २२ हे उबुंटू २४.०४ वर उभं आहे आणि त्याची बरीचशी पॅकेजं उबुंटूच्याच भांडारातून येतात. दोघांनी वेगवेगळे बाहेरचे मिरर निवडले असले तरी बिघडत नाही. एपीटी-कॅशर-एनजीकडे ओळखीच्या मिररची यादी असते आणि त्या सगळ्यांतून येणारी फाइल तो एकच धरतो.

मात्र उबुंटूतला फायरफॉक्स २२.०४ पासून स्नॅपमधून येतो. स्नॅप आणि फ्लॅटपॅक या पॅकेज वाटायच्या वेगळ्या पद्धती आहेत, त्या या मिररला वळसा घालून थेट बाहेर जातात. ‘लावूनसुद्धा डेटा जातोच की’ या तक्रारीमागे बऱ्याचदा स्नॅपच असतो.

लॅपटॉप कॉलेजला नेला की अपडेट अडकून बसतो. काय करू?

साहजिक आहे, तो तिथेही १९२.१६८.१.१० ला शोधत असतो. ००प्रॉक्सी फाइल काढून टाका आणि ऑटो-एपीटी-प्रॉक्सी नावाचं पॅकेज बसवा. ते दर वेळी आजूबाजूला प्रॉक्सी आहे का ते बघतं. असला तर वापरतं, नसला तर थेट बाहेर जातं. राउटरच्या डीएनएसमध्ये मिररच्या मशीनला एपीटी-प्रॉक्सी हे नाव दिलं की त्याला तो सापडतो. राउटरमध्ये ती सोय नसेल तर लॅपटॉपच्या होस्ट्स फाइलीत नाव लिहा. घरात न हलणाऱ्या मशीनवर साधी ००प्रॉक्सी फाइलच बरी.

अपडेट करताना ४०३ (परवानगी नाही) ही चूक येते आणि कनेक्ट नाकारलं असं म्हणतं.

तुमच्या यादीत एखादं एचटीटीपीएसवालं भांडार आहे. डॉकर, व्हीएस कोड, ब्राउझर अशांची बाहेरची भांडारं बहुधा तशी असतात. एचटीटीपीएसमध्ये सगळं कुलूपबंद जातं, त्यामुळे मधल्या प्रॉक्सीला आत बघता येत नाही आणि साठवताही येत नाही. त्यात एपीटी एचटीटीपीचाच प्रॉक्सी एचटीटीपीएसलाही लावतो, आणि आपण टनेलला नाही म्हटलेलं असतं.

सरळ उपाय: ००प्रॉक्सीत तशीच दुसरी ओळ लिहा, फक्त एचटीटीपीच्या जागी एचटीटीपीएस आणि पत्त्याच्या जागी मोठ्या अक्षरांत डायरेक्ट. ती भांडारं थेट बाहेरून येतील.

त्यांचीही कॅश हवी असेल तर सोर्सेसमध्ये पत्त्याची सुरुवात बदला: एचटीटीपी, कोलन, दोन तिरप्या रेघा, मोठ्या अक्षरांत एचटीटीपीएस, तीन तिरप्या रेघा आणि पुढे भांडाराचं नाव. मग लॅपटॉप ते मिरर हा टप्पा साधा आणि मिरर ते बाहेर हा कुलूपबंद होतो.

पण साध्या एचटीटीपीवरून सॉफ्टवेअर घेणं धोक्याचं नाही का?

शंका बरोबर आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो. एपीटीचा विश्वास रस्त्यावर नसून सहीवर असतो. भांडाराच्या मुळाशी इनरिलीज नावाची फाइल असते, तिच्यावर डेबियन किंवा उबुंटूची डिजिटल (जीपीजी) सही असते. त्या फाइलीत पॅकेजांच्या याद्यांचे हॅश (फाइलच्या मजकुरावरून काढलेला तिचा ठसा) असतात आणि त्या याद्यांत प्रत्येक डेब फाइलचा एसएचए२५६ हॅश. सही तपासण्याची चावी तुमच्या लॅपटॉपवर असते, मिररवर नाही. मधल्या कुणी, अगदी तुमच्या मिररने, एक बाइट जरी बदलला तरी साखळी तुटते आणि एपीटी फाइल नाकारतो.

म्हणून काही अडलं की सोर्सेसमध्ये ‘ट्रस्टेड बरोबर येस’ टाका असा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. त्याने ही सगळी तपासणी बंद पडते.

सही मूळ पॅकेज खरं आहे एवढंच सांगते, ते निर्दोष आहे असं नाही. मार्च २०२४ मध्ये फाइली दाबून लहान करणाऱ्या एक्सझेड-युटिल्सच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदरवाजा सापडला, आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला, लॉगइनला नेहमीपेक्षा किंचित जास्त वेळ का लागतोय याचा माग काढताना. ती पॅकेजं डेबियनच्या टेस्टिंग या चाचणीच्या आवृत्तीपर्यंत रीतसर सह्यांसह पोचली होती, स्टेबल या पक्क्या आवृत्तीत गेली नव्हती. घरातल्या मशीनवर स्टेबल किंवा (उबुंटूत) दीर्घकाळ अपडेट मिळणारी एलटीएस ठेवा असं मी म्हणतो ते त्यासाठी. नवं नवं हवं असणाऱ्यांनी ते व्हर्च्युअल मशीनमध्ये करावं.

लाइट गेली, आली, आणि आता ‘रिलीज फाइल अजून वैध नाही’ असं येतंय.

मिररला दोष देऊ नका, त्या मशीनचं घड्याळ बघा. बहुतेक ते काही दिवस, नाहीतर काही वर्षं मागे गेलेलं असतं. एपीटीच्या दृष्टीने भांडारावरची सही मग भविष्यातली ठरते.

रास्पबेरी पाय ४ पर्यंतच्या बोर्डांवर बंद असताना चालणारं घड्याळच नाही. ५ वर आहे, पण त्याचा सेल वेगळा घ्यावा लागतो. जुन्या डेस्कटॉपमध्ये मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपलेला असतो, तो हरभट रोडला कुठल्याही घड्याळवाल्याकडे मिळतो. इंटरनेट चालू असेल तर वेळ आपोआप सुधारते. लाइट आली पण लाइन तुटलेलीच, अशा वेळी पंचाईत होते: मिरर घरात हजर, पॅकेज त्यात हजर, आणि एपीटी घ्यायला तयार नाही. तेव्हा डेट आज्ञेने वेळ हाताने लावा. किंवा मिररवर वेळ जुळवणारा क्रोनी बसवा आणि घरातल्या मशीनना वेळ त्याच्याकडूनच घ्यायला लावा.

‘हॅश सम मिसमॅच’ असं आलं तर?

कॅशमध्ये यादी एका वेळची आणि दुसरी फाइल दुसऱ्या वेळची राहिली. लॅपटॉपवर व्हार, लिब, एपीटी, लिस्ट्स रिकामं करा आणि पुन्हा अपडेट चालवा. तरी आलं तर मिररच्या कॅशमधल्या त्याच भांडाराच्या इनरिलीज आणि पॅकेजेस या फाइली पुसा. डेब फाइलींना हात लावू नका, त्या निर्दोष असतात.

पायथन, नोड, डॉकर यांचं काय? खरा डेटा तर तेच खातात.

अगदी. पोरांचे एआयचे प्रोजेक्ट सुरू झाल्यापासून एपीटी त्यांच्यापुढे किरकोळ वाटतो. एनव्हिडियाच्या कार्डासाठीचा पायटॉर्च (एआयची पायथन लायब्ररी) सगळ्या लवाजम्यासह उतरवला की काही जीबी सहज जातात, आणि प्रत्येक प्रोजेक्टसाठी वेगळ्या लॅपटॉपवर परत.

पायथनची पॅकेजं उतरवणाऱ्या पिपसाठी डेव्हपाय हा कॅश करणारा सर्व्हर. डेव्हपाय-इनिट एकदा चालवा, मग डेव्हपाय-सर्व्हर. तो मुळात फक्त स्वतःच्या मशीनवर, ३१४१ पोर्टवर ऐकतो, म्हणून होस्ट ०.०.०.० द्यायला विसरू नका. पिपच्या कॉन्फिगमध्ये इंडेक्स-यूआरएल म्हणून त्यातल्या रूट/पायपीआयचा पत्ता आणि साधं एचटीटीपी असल्यामुळे ट्रस्टेड-होस्ट लिहा. पायटॉर्च जर त्यांच्या स्वतःच्या इंडेक्सवरून घेत असाल तर तो डेव्हपायमधून जाणार नाही. एकदा उतरवलेली व्हील फाइल (पायथनचं तयार पॅकेज) एका शेअर केलेल्या फोल्डरात ठेवा आणि पिपला फाइंड-लिंक्सने तो फोल्डर दाखवा.

नोडची पॅकेजं उतरवणाऱ्या एनपीएमसाठी व्हर्डाचिओ, पोर्ट ४८७३. बसवायला सगळ्यांत सोपा, पण त्यात एक खाच आहे. माझा भाचा मिरजेहून येऊन आमच्याच नेटवर प्रोजेक्ट करत होता. संध्याकाळी पुण्याच्या मित्राचा फोन: इन्स्टॉल होत नाही, कुठल्यातरी १९२.१६८ ला जातंय. भाचा म्हणाला, ‘मामा, माझ्याकडे तर चालतंय की!’ चालणारच. पॅकेज-लॉक फाइलीत प्रत्येक पॅकेज कुठून आलं याचा पत्ता लिहिला जातो, आणि व्हर्डाचिओमधून आलं की तिथे आपल्या घरचाच पत्ता बसतो. ती फाइल गिटमध्ये गेली की पुण्यातला लॅपटॉप आपल्या घरातला मिरर शोधत बसतो. एनपीएमच्या कॉन्फिगमध्ये ऑमिट-लॉकफाइल-रजिस्ट्री-रिझॉल्व्ड हा पर्याय ट्रू करा, म्हणजे तो पत्ता लिहिलाच जात नाही. आधीच लिहिले गेलेले पत्ते शोधून बदला.

एनपीएमची कॅश आणखी एका कारणाने ठेवावीशी वाटते. मार्च २०१६ मध्ये लेफ्ट-पॅड नावाचं अकरा ओळींचं पॅकेज त्याच्या लेखकाने काढून घेतलं आणि जगभरातले बिल्ड कोसळले. ज्यांच्याकडे स्थानिक प्रत होती त्यांचं काम अडलं नाही.

प्रोग्रॅम सगळ्या सामानासह कंटेनर नावाच्या डब्यात चालवणाऱ्या डॉकरसाठी रजिस्ट्रीचाच कंटेनर प्रॉक्सी म्हणून चालवायचा, ५००० पोर्टवर, आणि प्रत्येक मशीनच्या डेमन डॉट जेसनमध्ये रजिस्ट्री-मिरर्सखाली त्याचा पत्ता द्यायचा. हे फक्त डॉकर हब या त्याच्या सार्वजनिक भांडारापुरतं चालतं. पण हबचीच मर्यादा नडते: लॉगइन न करता एका आयपी पत्त्यावरून सहा तासांत १०० पुल, म्हणजे शंभर वेळा उतरवणं. तुम्ही म्हणाल, मी कुठे शंभर करतोय? पण लोकल केबलवाल्यांकडे एकाच सार्वजनिक पत्त्यामागे बरीच घरं असतात, आणि मोजणी त्या पत्त्याची होते.

स्वतः बनवलेली पॅकेजं यातूनच वाटता येतील?

कॅशमधून नाही. डेब फाइलींसाठी रेप्रेप्रो किंवा ॲप्टली घ्या, स्वतःची जीपीजी चावी करा, भांडारावर सही करा आणि एनजिनएक्स या वेब सर्व्हरमधून फोल्डर उघडा ठेवा. चावी लॅपटॉपवर ईटीसी, एपीटी, कीरिंग्जमध्ये ठेवून सोर्सेसमध्ये साइन्ड-बाय लिहा. जुन्या लेखांतला एपीटी-की आता विसरा.

पायथनच्या स्वतःच्या पॅकेजांबाबत सावध राहा. पिपला एक्स्ट्रा-इंडेक्स-यूआरएल दिलं की तो दोन्हीकडे बघतो आणि मोठी आवृत्ती उचलतो, मग ती कुणाची का असेना. बाहेर कुणी तुमच्याच नावाचं पॅकेज ९९ आवृत्तीने टाकलं तर तेच बसेल. २०२१ मध्ये ॲलेक्स बिर्सान या संशोधकाने याच वाटेने ॲपल, मायक्रोसॉफ्टसारख्या कंपन्यांच्या आतपर्यंत पोचून दाखवलं होतं. खासगी पॅकेज डेव्हपायच्या स्वतंत्र इंडेक्समध्ये ठेवा आणि पिपला तो एकच इंडेक्स माहीत असू द्या.

मित्रालाही बाहेरून वापरू देऊ का?

नको. उघडा प्रॉक्सी इंटरनेटवर दिसला की नको ते लोक तासाभरात येऊन बसतात. राउटरवर पोर्ट फॉरवर्ड करू नका आणि यूएफडब्ल्यू या फायरवॉलमध्ये ३१४२ फक्त १९२.१६८.१.० च्या २४ बिटांच्या जाळ्याला मोकळं ठेवा. ‘आमच्याकडे सार्वजनिक आयपीच नाही’ म्हणून निर्धास्त राहणाऱ्यांनी आयपीव्ही६ आहे का तेही बघावं. तिथे घरातल्या प्रत्येक मशीनला थेट सार्वजनिक पत्ता मिळतो आणि मधे फक्त राउटरची फायरवॉल असते.

घरात विंडोजही आहे.

त्याला हा मिरर कळत नाही. सेटिंगमध्ये डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन आहे, ते फक्त स्थानिक नेटवर्कपुरतं चालू करा. विंडोजची मशीनं एकमेकांकडून अपडेट घेतात.

फेडोरा, आर्च हे लिनक्सचे दुसरे प्रकार असतील तर?

आर्चसाठी पाकोलोको, पोर्ट ९१२९. फेडोरासाठी स्क्विड, पण मेटालिंकमुळे (मिररची यादी देणारी सोय) दर वेळी वेगळा मिरर निवडला जातो आणि कॅश लागू पडत नाही. रेपोच्या फाइलीत बेसयूआरएल एकच पक्का करा.

डिस्क किती लागते आणि भरली तर?

एपीटीपुरतं असेल तर ५० जीबी घरासाठी भरपूर. डॉकर आणि पायथन धरले तर २५० जीबीची एसएसडी घ्या आणि त्यांची फोल्डरं वेगळ्या पार्टिशनवर ठेवा, नाहीतर एखादी मोठी इमेज सगळ्यांची जागा खाते आणि एपीटीला ५०३ ही चूक यायला लागते.

एपीटी-कॅशर-एनजी रोज साफसफाई करतो: याद्यांतून नाहीशी झालेली पॅकेजं ईएक्स-थ्रेशोल्डने ठरवलेल्या दिवसांनी पुसतो, मुळात ते चार दिवस असतात. जुनी आवृत्ती हाताशी असावी असं वाटत असेल तर हा आकडा वाढवा. मी तो वाढवून ठेवलाय, कारण नव्या कर्नलने एखाद्याचं वायफाय मारलं की जुना कर्नल घरातच सापडतो.

याचा बॅकअप घ्यायचा का?

कॅशचा नाही, ती परत भरते. एसीएनजी डॉट कॉन्फ, स्वतःची पॅकेजं आणि जीपीजीची चावी यांचा मात्र नक्की, आणि चावीचा पेनड्राइव्हवर, घराबाहेर दुसऱ्या कुणाकडे.

नकोसं झालं तर काढायचं कसं?

आधी लॅपटॉपवरची ००प्रॉक्सी फाइल पुसा, पिप आणि एनपीएमच्या कॉन्फिगमधले पत्ते काढा, डेमन डॉट जेसनमधली ओळ उडवा आणि डॉकर परत सुरू करा. मग मिरर बंद करा. क्रम उलटा केला तर प्रत्येक मशीन नसलेल्या पत्त्याला हाका मारत बसेल, आणि घरात ज्यांना यातलं काही माहीत नाही ते ‘नेट गेलंय’ म्हणून केबलवाल्याला फोन लावतील.